रूढी, कायदा आणि नागरी हक्क : नागपूर-विदर्भातील अस्पृश्यताविरोधी लढ्याचे एक अंग

प्रास्ताविक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय नागरिकांनी पृथक्करणाविरुद्ध जो लढा दिला, त्याच्याशी भारतातील अस्पृश्यताविरोधी चळवळीची तुलना अनेक अभ्यासकांनी केली आहे. या तुलनेची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते; आणि १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करण्याचे घाटत आहे असे समजताच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याविषयी विचारणा केली होती.

तथापि या दोन लढ्यांतील साम्य जितके लक्षणीय आहे तितकाच त्यांतील एक भेदही लक्षणीय आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात पृथक्करण हे कायद्याने निर्माण केलेले होते. आगगाडीचे डबे, शाळा, बसमधील आसने, पाण्याचे नळ हे वर्णानुसार वेगळे असावेत असे विधिमंडळांनी आणि नगरपालिकांनी लेखी ठरविले होते. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने डोईपट्टी व वाचनपरीक्षा यांच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ नष्ट केला. नागपूर किंवा वऱ्हाड प्रांतात मात्र अस्पृश्यांनी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये असे सांगणारा एकही कायदा ब्रिटिश अमदानीत नव्हता. प्रतिबंध होता तो रूढीचा. मग कायद्याचे या बाबतीत स्थान काय होते? तो तटस्थ होता, की रूढीच्या पाठीशी उभा होता? आणि रूढी मोडावयाची तर कोणत्या साधनाने? नागपूर-विदर्भातील चळवळीचा इतिहास या प्रश्नांच्या अनुरोधाने पाहिल्यास तिच्यातील मागण्यांचा क्रम अधिक स्पष्टपणे ध्यानात येतो.

रूढीचे न्यायालयीन स्वरूप

ब्रिटिश न्यायालयांचे धोरण हिंदूंच्या धार्मिक व सामाजिक व्यवहारांत हात न घालण्याचे होते, असे सामान्यतः म्हटले जाते. प्रत्यक्षात मात्र दिवाणी हक्काचा प्रश्न उपस्थित झाला की न्यायालयाला निर्णय द्यावाच लागे, आणि तो देताना रूढी हीच प्रमाण मानली जाई. १८८३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात चित्पावन ब्राह्मणांनी पळशे ब्राह्मणांना देवालयाच्या गाभाऱ्यात पूजेस मज्जाव करण्याचा हक्क सांगितला होता. असा अनन्य हक्क हा दिवाणी न्यायालयाने रक्षण करण्याजोगा हक्क आहे असे न्यायालयाने मानले. १९०८ साली मद्रास इलाख्यातील कमुदी येथील देवालयाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेही नाडर समाजाला प्रवेश नाकारणारी रूढी मान्य केली. म्हणजे दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार ही एक प्रकारची मालमत्ताच ठरली होती.

फौजदारी कायद्याचीही स्थिती वेगळी नव्हती. नागपूर येथील ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाचा १९२४ च्या निवाडासंग्रहात आलेला एक निर्णय या दृष्टीने बोधप्रद आहे. रूढीने आपणांस मज्जाव आहे हे ठाऊक असूनही अस्पृश्य समाजातील व्यक्तींनी देवमूर्तीभोवतीच्या आवारात प्रवेश केला, तर ते कृत्य भारतीय दंडसंहितेच्या कलम २९५ खाली देवस्थान भ्रष्ट केल्याचा अपराध होतो, असे त्यात ठरविण्यात आले. अस्पृश्यता निर्माण करणारा कायदा नसला, तरी अस्पृश्यता न पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा या रीतीने अस्तित्वात होता. सरकारची तटस्थता ही अशा प्रकारे केवळ दिसण्यापुरती होती.

येथे अमेरिकेतील एका निकालाची आठवण होणे साहजिक आहे. योगायोग असा की, तोही १८८३ चाच. घटनेतील चौदावी दुरुस्ती ही राज्यांच्या कृतीवर निर्बंध घालते, खाजगी व्यक्तींनी उपाहारगृहात, नाट्यगृहात वा प्रवासात केलेल्या भेदभावावर नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ठरविले. पुढे १८९६ साली ‘विभक्त पण समान’ या तत्त्वाला त्याच न्यायालयाने मान्यता दिली. दोन्ही देशांत, भिन्न मार्गांनी, बहिष्कृतांना न्यायालयाचे दार अर्धवट लावून घेतलेले आढळले.

विदर्भातील पार्श्वभूमी

विदर्भातील महार समाजाची आर्थिक स्थिती पश्चिम महाराष्ट्रातील स्थितीहून काहीशी भिन्न होती. तिकडे महार वतनामुळे समाज गावगाड्याशी जखडला गेला होता. इकडे अनेक महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा करीत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडाने हातमागाचा धंदा जसजसा बसत गेला, तसतसा हा वर्ग मजुरीसाठी शहराकडे व गिरण्यांकडे वळला. रोख वेतन, वस्तीतील एकत्र राहणे आणि गावकीपासूनची मुक्तता यांमुळे नागपुरात संघटनेला अनुकूल असा वर्ग तयार झाला. गिरणीतही विटाळाची कल्पना लोपली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत; धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते हे त्याचे कारण सांगितले जाई.

या परिस्थितीत पुढे आलेल्या कार्यकर्त्यांत किसन फागूजी बनसोडे यांचे नाव अग्रभागी येते. १८७९ साली नागपूरजवळील मोहपा येथे त्यांचा जन्म झाला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ व ‘चोखामेळा’ ही त्यांनी चालविलेल्या पत्रांची नावेच त्यांच्या विचाराची दिशा सांगतात. पहिल्या नावातील ‘नागरिक’ हा शब्द विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. दयेची याचना करणारा हा शब्द नाही; राज्याचा घटक म्हणून हक्क सांगणारा आहे. वऱ्हाडात गणेश आक्काजी गवई आणि गोंदिया भागात कालीचरण नंदागवळी यांनी याच काळात संघटनेचे कार्य केले.

स्त्रियांच्या कार्याचा निर्देश केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. जाईबाई चौधरी या प्रथम नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहण्याचे काम करीत. एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली. परंतु त्या महार आहेत हे कळताच पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. पुढे १९२२ च्या सुमारास जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा स्थापन केली. १९३७ च्या अखेरीस नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनात भोजनप्रसंगी त्यांना वेगळे बसविण्यात आले, आणि १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा भरवून त्याचा निषेध केला. शिकलेल्या, सुधारणावादी वर्तुळातही पंगतीचा भेद कायम होता, हे या प्रसंगावरून दिसून येते. कोणत्याही कायद्याने ती पंगत वेगळी केली नव्हती, आणि म्हणूनच कोणत्याही कायद्याने ती एक करता येण्याजोगी नव्हती.

३० मे ते १ जून १९२० या तीन दिवसांत राजर्षी शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडावेत की अस्पृश्यांनी स्वतः, हा तेथील वादाचा मुख्य विषय होता, आणि तरुण आंबेडकरांनी दुसऱ्या पक्षाचा जोरदार पुरस्कार केला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपुरातच भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतेचा कलंक दूर करण्याचे आवाहन हिंदू समाजाला केले. एकाच शहरात, सहा-सात महिन्यांच्या अंतराने, एकाच प्रश्नाची दोन रूपे अशी समोर आली. एक पक्ष हृदयपरिवर्तनाची भाषा बोलत होता, दुसरा प्रतिनिधित्वाची.

पाणवठा आणि देवालय

नागरी हक्काची पहिली कसोटी पाणवठ्यावर लागली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, स्पृश्यांनी तळ्याची शुद्धी केली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला.

महाडचा पडसाद विदर्भात लवकरच उमटला. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून चळवळ सुरू झाली, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी तेथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तडजोडीस अवसर मिळावा म्हणून सत्याग्रह तहकूब करण्यात आला. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा या चळवळीस सक्रिय पाठिंबा होता; १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले केले. वर्धा व अमरावती यांतील फरक कायद्याच्या दृष्टीने साधा आहे. वर्ध्याचे देऊळ बजाज घराण्याचे होते; मालकाने संमती दिली की दार उघडते. अमरावतीत ती संमती मिळवावयाची होती. संमतीवर अवलंबून असलेला प्रवेश हा अनुग्रह असतो, हक्क नव्हे, ही जाणीव अशा प्रसंगांतून दृढ होत गेली.

महाडच्या तळ्याचा दिवाणी दावा या संपूर्ण प्रश्नाचे मर्म उघड करतो, म्हणून तो काहीसा तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल केला. तळे स्पृश्यांच्या मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी त्याचा उपयोग न करण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. डिसेंबरअखेर महाडास जमलेल्या हजारो लोकांनी त्या हुकमाचा मान राखून तळ्यावर जाणे स्थगित केले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली, तरी दावा चालूच राहिला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने आणि १९३३ साली ठाण्याच्या अपील न्यायालयाने वादींविरुद्ध निकाल दिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. पाणी पिण्याच्या एका कृतीचा कायदेशीर निर्णय लागण्यास अशी सुमारे दहा वर्षे लागली.

हा निकाल कोणत्या तत्त्वावर दिला गेला? तळे नगरपालिकेकडे निहित आहे, वादींची मालकी सिद्ध होत नाही, हा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा रूढीचा. कायद्याने मानावयाची रूढी ही प्राचीन, निश्चित, अखंड व वाजवी असावी लागते. अस्पृश्य लोक तळ्याचे पाणी घेत नसत हे पुराव्यात दिसत होते. परंतु घेत नसणे आणि घेण्यास मज्जाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. ज्या तळ्याभोवती स्पृश्यांचीच घरे आहेत तेथे जाण्याचा प्रसंग अस्पृश्यांना ब्रिटिशपूर्व काळी आला होता आणि त्या वेळी त्यांना अडविण्यात आले होते, असा पुरावा वादींना देता आला नाही. म्हणून अनादि रूढी सिद्ध झाली नाही. अशी रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी वा लोकहितविरोधी आहे काय, याचा विचार करावा लागला असता, असे सूचित करून न्यायालय तेथेच थांबले.

निकाल अस्पृश्यांच्या बाजूचा होता, पण त्याचा पाया किती अरुंद होता हे यावरून कळून येते. अस्पृश्यता अन्याय्य आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. पुरावा अपुरा आहे इतकेच म्हटले. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या तळ्याबाबत भक्कम पुरावा आणला गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न अनिर्णितच राहिला. प्रत्येक विहिरीसाठी दहा वर्षांचा दावा लढणे भूमिहीन मजुराला अशक्य होते. रूढीवर उभारलेले पृथक्करण न्यायालयात मोडणे हे, कायद्यावर उभारलेले पृथक्करण मोडण्यापेक्षा, एका अर्थाने अधिक बिकट काम होते. कायदा एका निकालाने रद्द होतो. रूढी गावोगाव स्वतंत्रपणे जिवंत असते.

पाणवठ्याकडून प्रतिनिधित्वाकडे

महाडचा दावा चालू असतानाच चळवळीचा भर बदलत होता. ८ ऑगस्ट १९३० रोजी नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलितवर्गीय परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. आंबेडकरांनी ब्रिटिश राज्याचाच हिशेब मांडला. ब्रिटिश येण्यापूर्वी गावची विहीर बंद होती, ती त्यांनी उघडली काय. देवालये बंद होती, ती उघडली काय. पोलिसांत प्रवेश नव्हता, तो दिला काय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. रूढीला धक्का न लावण्याच्या सरकारी धोरणावर हा नेमका आघात होता. स्वराज्याला पाठिंबा, परंतु पुरेशा संरक्षक तरतुदींसह, ही भूमिका त्यांनी तेथे घेतली.

त्या तरतुदींच्या स्वरूपाविषयी मतभेद मात्र तीव्र होते, आणि त्या मतभेदांचे एक केंद्र नागपूर हेच होते. १९३२ च्या प्रारंभी मद्रासचे एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांच्यात संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा यांविषयी करार झाला. गणेश आक्काजी गवई हे राजांच्या पक्षात होते. याला उत्तर म्हणून ७ मे १९३२ रोजी नागपूरलगतच्या कामठी येथे परिषद भरून स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीस पाठिंबा देण्यात आला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने हा वाद मिटविला. प्रांतिक विधिमंडळांत एकूण १४८ जागा दलित वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्यांपैकी मध्यप्रांताच्या वाट्यास २० आल्या. अमेरिकेच्या दक्षिणेत याच सुमारास कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंत पोहोचणेच दुरापास्त होते. येथे प्रश्न मत मिळण्याचा नव्हता, त्या मताने खरा प्रतिनिधी निवडला जाईल काय, हा होता.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे डॉ. आंबेडकरांनी हिंदुधर्म सोडण्याचा आपला निर्धार जाहीर केला. नागपुरातील जुन्या पिढीत यावर एकमत नव्हते. ज्या किसन फागूजी बनसोडे यांनी विटाळाविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालविली, त्यांना चोखोबांची परंपरा सोडून धर्मांतर करणे मान्य नव्हते. हा मतभेद वैयक्तिक नव्हता. हिंदू समाजात राहून हक्क मिळवावयाचे, की त्या समाजाच्या मान्यतेवर आपले मनुष्यत्व अवलंबून ठेवणेच नाकारावयाचे, असा तो मूलभूत प्रश्न होता.

१८ व १९ जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये रावबहादूर एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २० जुलैला, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. जाईबाईंच्या शाळेपासून वीस वर्षांत स्त्रियांचे संघटन कोठवर पोहोचले होते, याचे ते निदर्शक होते.

कायद्याची बाजू बदलते

१९४७ मध्ये कायद्याने उघडपणे बाजू बदलली. त्या वर्षी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा कायदा (१९४७ चा २४ वा) आणि मंदिरप्रवेशाचा कायदा (१९४७ चा ४१ वा) असे दोन कायदे केले. मुंबई व मद्रास प्रांतांतही असे कायदे झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद संमत केला. तोच संविधानाचा १७ वा अनुच्छेद होय.

या अनुच्छेदाचे वैशिष्ट्य असे की तो केवळ राज्यसंस्थेला उद्देशून नाही. कोणत्याही स्वरूपात अस्पृश्यता पाळण्यास त्याने मनाई केली, आणि पाळणारा खाजगी इसम असला तरी ती मनाई त्याला लागू आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, उपाहारगृहे, तसेच राज्याच्या पैशातून राखलेल्या वा जनतेच्या उपयोगास समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांबाबत भेदभाव निषिद्ध ठरविला. अमेरिकेत १८८३ च्या निकालाने जी पोकळी ठेवली होती ती भरून काढण्यास १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला; भारतीय संविधानाने ती १९५० सालीच भरून काढली. रूढी खाजगी व्यक्तींच्या आचरणातून जगते हे ज्यांनी पाणवठ्यावर अनुभवले होते, त्यांना ही तरतूद अनावश्यक वाटणे शक्य नव्हते.

१ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) अधिनियम अमलात आला व मध्यप्रांताचे वर निर्दिष्ट केलेले दोन्ही कायदे त्याने रद्द झाले. त्याच्या १२ व्या कलमाने पुराव्याचा भार उलटविला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत अपराध घडल्यास, तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालयाने, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे, असे ते सांगते. महाडच्या दाव्यात रूढी सिद्ध करण्याचा भार वादींवर होता म्हणून अस्पृश्य जिंकले. फौजदारी खटल्यात तक्रारदारावर भार असता तर ते हरले असते. हे ओळखूनच ही तरतूद करण्यात आली असे म्हणता येईल. शिक्षा मात्र सौम्य होती : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि प्रकरण आपसात मिटविण्याची मुभा. ज्याची मजुरी गावातील जमीनमालकावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ‘आपसात मिटविणे’ याचा अर्थ काय होत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९५६ चे नागपूर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह स्वतः दीक्षा दिली. समारंभाच्या व्यवस्थेचा भार नागपूरच्या वामनराव गोडबोले यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी उचलला. १६ ऑक्टोबरला चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथेही दीक्षाविधी झाला. नागपूर त्या वेळी मध्यप्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले.

अमेरिकेतील माँटगोमरी शहरात त्याच वेळी बस-बहिष्कार चालू होता. डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झालेल्या त्या बहिष्काराला वर्ष पुरे होत असताना, १३ नोव्हेंबर १९५६ रोजी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने बसमधील पृथक्करण घटनाबाह्य ठरविणारा निर्णय कायम केला. शाळांतील पृथक्करण १७ मे १९५४ च्या निकालाने आधीच अवैध ठरले होते. एका महिन्याच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत फार मोठा अर्थभेद आहे. अलाबामातील लोकांपुढे एक लेखी नियम होता. तो रद्द करून घेणे हे त्यांचे पहिले लक्ष्य होते, आणि ते साध्य झाले. नागपुरात जमलेल्या लोकांच्या बाजूने घटना व कायदा आधीच आलेला होता. त्यांच्यापुढे उरली होती ती कायद्याच्या पलीकडची वस्तू : ज्या धर्मकल्पनेतून विटाळाला प्रामाण्य मिळते ती कल्पना. तिच्याशी आपला संबंध तोडण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाकडून मागून घ्यावयाचा नव्हता. १९२७ च्या मंदिरप्रवेशाच्या चळवळीपासून १९५६ पर्यंतच्या वाटचालीची संगती येथे लागते. देवळाच्या दारात संमती मागणारा समाज अखेरीस ते दार आपले नाही असे म्हणून वळला.

या निर्णयाची किंमत लहान नव्हती. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, आणि पुढे शीख, यांनाच त्या जातींत गणले जाई. बौद्ध झालेल्यांच्या केंद्रीय सवलती व राखीव जागा त्यामुळे गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या कक्षेतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने आदेशात दुरुस्ती केली ती १९९० साली. चौतीस वर्षांचा हा तोटा लोकांनी जाणूनबुजून पत्करला. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली.

उपसंहार

पुढील काळातील कायद्याची वाटचाल पाहिली म्हणजे मूळ प्रश्न अद्याप संपलेला नाही हे दिसून येते. १९५५ च्या अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती होऊन त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले, किमान शिक्षा ठरविण्यात आली व तडजोडीची मुभा काढून घेण्यात आली. १९९२ साली कर्नाटकातील एका खेड्यात कूपनलिकेचे पाणी घेण्यास अनुसूचित जातीच्या लोकांना अडविल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा पुन्हा कायम केली. महाडच्या निकालानंतर पंचावन्न वर्षांनी प्रश्न तोच होता. न्यायालय मात्र आता रूढीचा पुरावा मागत नव्हते, तर अस्पृश्यता ही गुलामगिरीचेच एक रूप आहे अशा भूमिकेतून विचार करीत होते.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम याच्या पुढचा टप्पा होय. परंतु त्याच्या अंमलबजावणीत पुराव्याची जुनी अडचण नव्या रूपाने परत आली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा आरोपींना देहांताची शिक्षा दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात परिवर्तित केली. हत्या सिद्ध झाली. परंतु ती जातीच्या कारणाने झाली हे सिद्ध होत नाही म्हणून अत्याचार प्रतिबंधक अधिनियम दोन्ही न्यायालयांनी लागू केला नाही. १९८९ च्या अधिनियमात जातीच्या ‘कारणावरून’ अपराध घडल्याचे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तेथे, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे ‘ठाऊक असताना’, असा शब्दप्रयोग आला. आणि आरोपीची पीडिताशी वैयक्तिक ओळख असल्यास त्याला जात ठाऊक होती असे गृहीत धरण्याची तरतूदही झाली.

एवंच, १९३७ साली महाडच्या दाव्यात, १९५५ च्या अधिनियमाच्या १२ व्या कलमात आणि २०१६ च्या दुरुस्तीत एकच सूत्र आढळते : सिद्ध करण्याचा भार कोणावर? अमेरिकेच्या दक्षिणेत पृथक्करणाचा पुरावा कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता. येथे तो पाणवठ्यावर, पंगतीत, देवळाच्या आवारात व शेतमजुरीच्या व्यवहारात विखुरलेला होता व काही अंशी आजही आहे. तो गोळा करून न्यायालयापुढे मांडण्याचे ओझे दुर्बलावर न टाकता प्रबलावर टाकणे, हे विसाव्या शतकातील अस्पृश्यताविषयक कायद्याचे खरे कार्य होते. ते कार्य कितपत पुरे झाले याचा निर्णय अधिनियमांच्या शब्दांवरून करता येणार नाही. विदर्भातील सत्र न्यायालयांतील निकालपत्रांचा, आणि न्यायालयापर्यंत न पोहोचलेल्या तक्रारींचा, तालुकावार अभ्यास होणे त्यासाठी अवश्य आहे.